स्वस्त आयात केलेला आठ तारांचा बेस सुधारताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आठ तारांचे स्वस्त बेस (बेस गिटार) उघडणं, तासणं आणि पुन्हा जोडणं हे काम मी बरीच वर्षं करतो आहे. त्याबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. वेगळं सांगितलं नसेल तिथे सगळी मापं 34 इंची स्केलची (तारेच्या वाजणाऱ्या लांबीची) आहेत. ‘जाड तार’ म्हणजे नेहमीच्या बेसची तार, आणि ‘बारीक तार’ म्हणजे तिच्या शेजारची, एक सप्तक वर लावलेली तार.

1. आठ तारांचा बेस म्हणजे नक्की काय? आठ वेगवेगळे सूर असतात का?

नाही. सूर चारच: ई, ए, डी, जी. फक्त प्रत्येक सुराला दोन तारांची जोडी असते, एक जाड आणि एक बारीक. जाड ई साधारण 41 हर्ट्झला वाजते, तिची बारीक जोडीदार 82 ला. जी ची जोडी 98 आणि 196 ला. एका बोटाने दोन्ही तारा एकत्र दाबायच्या आणि एकत्र छेडायच्या. त्यातून जो भरलेला, किंचित झणझणीत आवाज येतो त्यासाठीच हे वाद्य घ्यायचं. कल्पना जुनी आहे. स्वीडनच्या हॅगस्ट्रॉमने 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात एच8 हा बेस बाजारात आणला आणि जिमी हेंड्रिक्सच्या साथीला असलेल्या नोएल रेडिंगने तो वापरला. तुमच्या बेसला जोड्या नसून आठ सुट्या तारा असतील तर प्रश्न 20 पाहा.

2. स्वस्त बेस घेऊन सुधारणं परवडतं का, की पैसे साठवून सरळ चांगलाच घ्यावा?

सांगाडा चांगला असेल तर परवडतं, आणि सांगाडा म्हणजे मुख्यतः नेक, वाद्याची लांब मान. खुंट्या, नट (नेकच्या टोकाची, तारांच्या खाचांची पट्टी), ब्रिज (तारांची दुसरी टोकं अडकतात तो भाग), पिकअप (तारांचा आवाज पकडणारं चुंबक), पॉट (आवाज आणि टोनची फिरकी), वायरिंग हे सगळं बदलता येतं. पिळलेला नेक मात्र घरच्या घरी सरळ होत नाही.

घ्यायच्या आधी बेस पूर्ण सुरात लावून बघा. आठही तारा चढवलेल्या हव्यात, कारण अर्ध्या ताणावर प्रत्येक नेक सरळच दिसतो. मग हेडस्टॉककडून (खुंट्यांच्या टोकाकडून) डोळा लावून नेकच्या दोन्ही कडा बघा. दोन्ही सारख्याच पुढे वाकलेल्या दिसल्या तर ते ट्रस रॉडने (नेकच्या आतल्या धातूच्या सळईने) सुटण्यासारखं आहे. एक कड वाकलेली आणि दुसरी सरळ असेल तर नेक पिळला आहे, तो बेस सोडून द्या. ट्रस रॉडचा आवळायचा नट (तारांच्या खाचांचा नट वेगळा) दोन्ही बाजूंना थोडा फिरतो का तेही बघा. दुकानदाराने फिरवू दिला नाही तर मी ते वाद्य घेत नाही.

3. पैसे थोडेच आहेत. सुरुवात पिकअपपासून करू का?

सगळ्यात जास्त हाच प्रश्न येतो, आणि उत्तर नेहमी एकच असतं: नाही. तार जिथे जिथे टेकते तिथे आधी काम करा, म्हणजे नट, फ्रेट (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) आणि सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा). या तीन जागा बिघडलेल्या असतील तर महागडा पिकअप तोच बिघाड जास्त स्वच्छ ऐकवतो.

माझा क्रम असा: नव्या तारा, ट्रस रॉड, नटच्या खाचा, सॅडलची उंची आणि इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवर सूर बरोबर येणं). यात तारा आणि एखादं हत्यार सोडलं तर फारसा खर्च नाही. त्यानंतर महिनाभर वाजवा. तेवढ्यात खरी तक्रार कुठली ती कळते. खुंट्या घसरत असतील तर खुंट्या, आवाज घोंघावत असेल तर शिल्डिंग (आतल्या खड्ड्यांना धातूचं अस्तर). पिकअप सगळ्यात शेवटी. यादीतलं बाकी सगळं केल्यावर पिकअप बदलायची इच्छाच उरली नाही, असं सांगणारे बरेच भेटतात.

4. कुठल्या गेजच्या तारा लावू?

सुरुवातीला जाड तारांसाठी 100-80-65-45 आणि त्यांच्या जोडीला 50-40-30-20. हे जाडीचे आकडे इंचाच्या हजाराव्या भागात आहेत. यातली शेवटची 20 ची तार साधी, बिनगुंडाळीची असते. या जोड्यांत प्रत्येक तारेवर साधारण सारखाच, 18 ते 20 किलोच्या आसपास ताण येतो आणि जोडी बोटाखाली एकसारखी लागते.

आता बेरीज करा. चार तारांच्या बेसवर एकूण ताण साधारण 80 किलो असतो. आठ तारांवर तो 150 किलोच्या घरात जातो. स्वस्त बेसमधला नेक आणि ब्रिज बहुतेक वेळा चार तारांच्या बेसवरूनच घेतलेला असतो, त्यामुळे या दुप्पट ताणाचा विचार तुम्हालाच करावा लागतो. नेक कुरकुरत असेल तर जाड तारा 95 पासून सुरू होणाऱ्या घ्या आणि बारीक तारा 45-35-28-18 कडे उतरवा.

दुसरा मार्ग म्हणजे सगळा बेस एक सूर खाली, डी-जी-सी-एफ असा लावायचा. त्याच तारांवरचा ताण त्याने सुमारे 20 टक्क्यांनी कमी होतो. गाणी मूळ सुरात वाजवायची असतील तर दुसऱ्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावतात, पण जोड्यांवर कॅपो नीट बसत नाही. मी तो वापरत नाही.

5. बारीक तारांच्या जागी इलेक्ट्रिक गिटारच्या तारा चालतील का?

गेज जुळलं तरी दोन अडचणी येतात. पहिली लांबीची. गिटारचा स्केल 25 इंचांच्या आसपास, आपला 34. त्यात मिळवा ब्रिजपासून तारेच्या टोकाची गोळी अडकते तिथपर्यंतचं अंतर आणि नटपासून खुंटीपर्यंतचं अंतर. एकाच ओळीतल्या खुंट्या असतील तर सगळ्यात टोकाच्या खुंटीपर्यंत तार पोचतच नाही, किंवा पोचली तरी एकच वेढा बसतो. विकत घेण्याआधी गोळीच्या जागेपासून त्या खुंटीपर्यंत सुतळी लावून मोजा आणि त्यात निदान पाच सेंटीमीटर वाढवा.

दुसरी अडचण गोळीची. गिटारच्या तारेची गोळी लहान असते, ती बेसच्या ब्रिजच्या भोकातून आरपार निघून येते. जुन्या बेस-तारेच्या टोकाची पितळी गोळी कापून ठेवा आणि नवी बारीक तार आधी तिच्या भोकातून ओवून घ्या. मोठी गोळी ब्रिजला अडते, लहान गोळी मोठीला अडते. माझ्या हत्यारांच्या डब्यात अशा गोळ्यांची एक वेगळी डबी कायम असते.

6. नव्या तारा चढवल्यावर नेक धनुष्यासारखा वाकला. ट्रस रॉड किती फिरवू?

एका वेळी पाव वळसा, त्याहून जास्त नाही. नेक पुढे वाकला असेल, म्हणजे मधल्या फ्रेटवर तारा फार उंच दिसत असतील, तर रॉडचा नट घड्याळाच्या दिशेने आवळायचा. आवळण्याआधी तारा दोनेक सूर खाली सैल करा, म्हणजे नटच्या आट्यांवर सगळा भार येत नाही. मग पुन्हा सुरात आणा आणि मोजा.

मोजायची रीत: जाड ई तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबून धरा आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तार व फ्रेट यांमधली फट बघा. आठ तारांच्या बेसवर मी ती 0.3 मिमीच्या आसपास ठेवतो. फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) असेल तर अंदाज करावा लागत नाही. लाकूड हळू सरकतं, त्यामुळे एक दिवस थांबून परत मोजा. काही बेसमध्ये दोन रॉड असतात. तिथे दोन्ही सारखेच फिरवा, नाहीतर नेक पिळेल. नट आवळून संपला असेल तर प्रश्न 21.

7. तारांची उंची किती ठेवायची? जोडीतल्या दोन्ही तारा समान उंचीवर हव्यात का?

बाराव्या फ्रेटवर जाड ई तारेखाली 2.2 ते 2.5 मिमी, जाड जी खाली 1.8 ते 2 मिमी हा चांगला आरंभ आहे. ट्रस रॉड लागल्याशिवाय सॅडलला हात लावू नका.

समान उंचीचा प्रश्न मोलाचा आहे. 100 ची तार अडीच मिमी जाड, तिची जोडीदार त्याच्या निम्मी. दोघींची तळाची बाजू एका पातळीत ठेवली तर बोट आधी जाड तारेवर टेकतं आणि बारीक तार नीट दाबलीच जात नाही, ती फरफरते. दोघींची वरची बाजू अगदी एका पातळीत आणली तर बारीक तार फ्रेटपासून फार उंच जाते, दाबताना ताणली जाते आणि चढी वाजते. म्हणून मधला मार्ग. नटपाशी बारीक तार नावापुरती वर, सॅडलपाशी जाडीतल्या फरकाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी वर. तिथून पुढे बोटांना विचारा.

8. पहिल्या दोन-तीन फ्रेटवर बेस बेसूर वाजतो, पुढे ठीक आहे. हे काय?

नट. स्वस्त बेसवर नटच्या खाचा उथळ ठेवलेल्या असतात, कारण उथळ खाच फरफरत नाही आणि बेस कारखान्याच्या तपासणीतून सुटतो. पण तार उंच असली की पहिल्या फ्रेटवर दाबताना ती ताणली जाते आणि सूर चढतो. बारीक तारेत हे जास्त जाणवतं, आणि जोडीतली एक चढली की दोघी भांडायला लागतात.

तपासणी सोपी आहे. तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबा आणि पहिल्या फ्रेटवर बघा. तार आणि फ्रेट यांत केसाएवढीच फट हवी, बारीक तारेखाली 0.1 मिमीच्या आसपास, जाड तारेखाली त्याच्या दुप्पट. वरून बोटाने टिचकी मारली की अगदी बारीक ‘टक्’ ऐकू यायला हवा. पोस्टकार्ड आरामात जात असेल तर खाच खोल करायची आहे.

खाचेची रुंदी तारेपेक्षा किंचितच जास्त हवी. नटच्या कानशी महाग असतात. बारीक तारांसाठी फीलर गेजच्या पात्याला कडेने दाते पाडले तरी काम होतं. कानस सपाट धरू नका, हेडस्टॉककडे थोडी उतरती धरा. तार फिंगरबोर्डाकडच्या (नेकवरच्या फ्रेटच्या फळीकडच्या) कडेवरच टेकायला हवी. खाचेचा तळ सपाट राहिला की तार त्यावर घासत कंप पावते आणि तंबोऱ्याच्या जवारीसारखा झणझणाट येतो. तंबोऱ्यात तोच हवा असतो, बेसमध्ये नको. दोन-तीन वेळा कानस फिरवा, तार बसवा, सुरात लावा, बघा, पुन्हा फिरवा. एका जोडीला माझा अर्धा तास जातो.

एकदा घाईत जी ची बारीक खाच मी नको तितकी खोल केली आणि उघडी तार पहिल्या फ्रेटवर वाजू लागली. तेव्हा खाचेत हाडाची भुकटी भरून वर सुपर ग्लूचा थेंब सोडला आणि सुकल्यावर पुन्हा कोरली. अशी डागडुजी चालते, पण तात्पुरती. पुढच्या वेळी तारा बदलताना मी पूर्ण नटच नवा, हाडाचा केला.

नवा नट कोरताना खाचांमधलं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत मोजू नका, कडेपासून कडेपर्यंत मोजा. जोडीतल्या दोन तारांच्या कडांमध्ये साधारण 2 मिमी मोकळी जागा हवी. त्याहून कमी असेल तर जोरात वाजवताना जाड तार शेजारणीवर आपटते. फार जास्त झाली तर एक बोट दोन्ही तारांवर पुरत नाही.

9. एका सॅडलवर दोन तारा आहेत. जाड तारेचं इंटोनेशन लावलं की बारीक बिघडते, बारीक लावली की जाड. काय करू?

या वाद्याचं सगळ्यात मोठं दुखणं हेच. तार दाबली की ती थोडी ताणली जाते आणि चढते, त्याची भरपाई म्हणून सॅडल थोडं मागे असतं. जाड, ताठ तारेला जास्त भरपाई लागते, बारीक तारेला कमी. एकाच सॅडलवर दोघी टेकल्या की जाड तारेच्या मापाने बारीक तारेची लांबी जास्त ठरते आणि ती बाराव्या फ्रेटवर उतरलेली वाजते.

सॅडल बदलण्याआधी त्याच सॅडलला कानशीने आकार देऊन बघा. सॅडलचा माथा पुढून मागे काही मिलिमीटर रुंद असतो, तीच जागा वापरायची. बारीक तारेच्या खाली माथा मागच्या बाजूला उतरता घासा, म्हणजे तार पुढच्या कडेवर टेकेल. जाड तारेच्या खाली उलट, पुढची बाजू उतरती, म्हणजे ती मागच्या कडेवर टेकेल. दोघींच्या टेकण्याच्या जागेत तीन-चार मिमीचा फरक मिळाला तरी बराच दिलासा मिळतो. कडा धारदार ठेवू नका, 600 आणि मग 1000 च्या सँडपेपरने गोल करा. नाहीतर बारीक तार तिथेच तुटत राहील.

मग जाड तार बरोबर लावा आणि बारीक तार कुठे पडते ते बघा. फरक उरलाच तर तो बारीक तारेच्या पदरात टाका. खालचा सूर पक्का असेल तर वरच्या सुरातला किंचित फरक कानाला कोरससारखा लागतो, आणि या वाद्यात तो थोडा हवाही असतो. लावताना नेहमी नव्या तारा वापरा. जुन्या तारेचं इंटोनेशन खरं सांगत नाही.

10. मग आठ सॅडलचा ब्रिजच लावला तर?

जमत असेल तर सगळ्यात चांगलं. आधी चार गोष्टी मोजा: पहिल्या ते शेवटच्या तारेपर्यंतचं अंतर, जोडीतलं अंतर, सगळ्यात खाली उतरवलेल्या सॅडलची उंची आणि स्क्रूच्या भोकांची जागा. जोडीतलं अंतर नटशी जुळलं नाही तर तारा वर जवळ आणि खाली लांब जातात.

पूर्ण ब्रिज उचलल्यावर खाली एक उघडी वायर दिसेल. ती ग्राउंडची (अर्थिंगची) आहे, नव्या ब्रिजखाली धातूला घट्ट टेकली पाहिजे. जुन्या ब्रिजचे स्क्रू सैल वाटले, किंवा ब्रिजची मागची कड लाकडापासून उचललेली दिसली, तर तो आठ तारांचा ताण आहे. भोकात टणक लाकडाची काडी आणि लाकडाचा डिंक भरा, एक रात्र सुकू द्या, नव्याने भोक पाडा आणि मूळपेक्षा लांब स्क्रू लावा.

11. दर दोन गाण्यांनंतर सूर उतरतो. खुंट्या बदलाव्यात का?

बहुतेक वेळा दोष नटचा असतो. तार लावताना ‘टिंग’ असा आवाज येऊन सूर एकदम उडी मारत असेल तर तार खाचेत अडकते आहे. खाचेत मऊ पेन्सिलचं शिसं घासून बघा. तारा नव्या असतील तर बोटांनी हलकेच ओढून ताणून घ्या. खुंटीवर बारीक तारेचे तीन-चार वेढे खाली उतरत जाणारे असू द्या.

एवढं करूनही सूर उतरला तर खुंटीचा दांडा हाताने हलवून बघा. तो डुगडुगत असेल किंवा मोकळा फेरा जाणवत असेल तर बदला. भोकाचा व्यास मोजूनच नवी घ्या. बेसच्या आणि गिटारच्या खुंट्यांची भोकं वेगवेगळी असतात.

12. पट्ट्यावर घेतला की हेडस्टॉक खाली जातो. डावा हात सतत नेक धरूनच असतो.

आठ खुंट्यांचं वजन नेकच्या टोकाला लटकतं, त्यामुळे हे होणारच. बारीक तारांच्या चार खुंट्या गिटारच्या, हलक्या लावल्या की फरक लगेच कळतो. भोक मोठं असेल तर लाकडी बुच बसवून नवं पाडावं लागतं. ते सुताराच्या हाताचं काम आहे.

पट्ट्याची वरची खुंटी बाराव्या फ्रेटच्या जितकी जवळ येईल तितका तोल सुधारतो. शिंग (बॉडीचं वरचं टोक) आखूड असेल तर ती खुंटी बॉडीच्या मागे, नेकच्या जोडाजवळ हलवतात. आतली बाजू खडबडीत असलेला रुंद चामडी पट्टा घ्या. बॉडीच्या टोकाला शिशाची वजनं चिकटवण्याचा सल्ला दिला जातो. मी तो देत नाही, पाठ तुमची आहे.

13. फ्रेटची टोकं हाताला लागतात आणि काही सुरांवर फरफर येते.

दोन वेगळे दोष आहेत. टोकं लागतात कारण लाकूड सुकून आकसलं आणि धातू आहे तेवढाच राहिला. फिंगरबोर्डाला कागदी टेप लावा आणि टोकं बारीक कानशीने 45 अंशांत घासून गोल करा.

फरफर एखाद्याच जागी असेल तर तीन फ्रेटवर बसेल एवढी छोटी सरळ पट्टी ठेवा. ती डुलली की मधला फ्रेट उंच आहे. आधी तो फ्रेट सैल होऊन वर आलाय का बघा. तसा असेल तर लाकडी ठोकळा ठेवून हलक्या हाताने ठोका आणि कडेने पातळ सुपर ग्लू सोडा. फरफर जागोजागी असेल तर सगळे फ्रेट एका पातळीत आणावे लागतात. ते काम पहिल्यांदा करत असाल तर या बेसवर शिकू नका, एखाद्या टाकाऊ नेकवर हात बसवा.

14. अँपमधून सतत गुणगुण येते. शिल्डिंग करू का?

आधी निदान करा. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी झाली तर ग्राउंड ठीक आहे, शिल्डिंग कमी पडतंय. तारांना हात लावून काहीच फरक पडत नाही पण जॅकच्या धातूला लावल्यावर कमी होते, तर ब्रिजखालची वायर सुटली आहे. तारांना हात लावल्यावर उलट वाढली, तर जॅकवरच्या दोन वायर आलटून लागल्या आहेत. शेवटच्या दोन दोषांना शिल्डिंग लागत नाही, दोन मिनिटांचं सोल्डरिंग पुरतं.

शिल्डिंग करायचंच असेल तर चिकट तांब्याची पट्टी घ्या. पिकअपच्या आणि कंट्रोलच्या खड्ड्यांत भिंती व तळ पूर्ण झाका, झाकणाची आतली बाजूही झाका. पट्ट्या एकमेकींवर चढवा आणि प्रत्येक जोडावर सोल्डरचा एक थेंब द्या. मल्टिमीटरने कुठल्याही दोन टोकांमध्ये जवळपास शून्य ओम आले पाहिजेत. मग ती पट्टी एका वायरने ग्राउंडला जोडा. जॅकचं सिग्नलचं पातं तांब्याला टेकत नाही ना, ते झाकण लावण्यापूर्वी बघा. तिथे टेकलं की आवाज पूर्ण बंद होतो आणि तासभर कारण सापडत नाही.

15. बारीक तारा फार मोठ्याने वाजतात. पिकअप बदलू?

आधी पिकअपची उंची बदला. बारीक तारा पुढे येत असतील तर पिकअप खाली घ्या आणि अँपवर आवाज वाढवा. लांब गेलेला पिकअप जोडीतला फरक कमी करतो. एखादीच तार मंद असेल तर पिकअपचे चुंबकी खिळे कुठे आहेत ते बघा. चार तारांच्या बेसचा पिकअप बसवलेला असेल तर खिळे जोडीच्या मध्ये किंवा फक्त जाड तारेखाली येतात. अशा वेळी सलग पट्टीचं चुंबकीय टोक असलेला पिकअप उपयोगी पडतो, त्याला तारेची जागा कुठलीही चालते.

पिकअप बदलताना पॉटही जुळवा: सिंगल कॉइलला (एका वेटोळ्याच्या पिकअपला) 250 किलोओम, हंबकरला (दोन वेटोळ्यांच्या) 500, अ‍ॅक्टिव्ह (बॅटरीवरच्या) पिकअपला 25.

16. अ‍ॅक्टिव्ह सर्किट आहे. बॅटरी आठवड्यात संपते.

जॅक लावलेला ठेवता का? बहुतेक अ‍ॅक्टिव्ह बेसमध्ये केबल घातली की 9 व्होल्टची बॅटरी चालू होते. वाजवून झाल्यावर केबल काढा. तरीही संपत असेल तर जॅकचा स्विच खराब आहे. स्वस्त प्रीअँप (बॅटरीवरचं ते सर्किट) फार खरखरत असेल तर तो काढून साधा पॅसिव्ह (बिनबॅटरीचा) आवाज आणि टोन ठेवा, टोनला 0.047 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. मी तरी तेच करतो.

17. बारीक तार जाड तारेच्या वर हवी की खाली?

वर म्हणजे तुमच्या हनुवटीकडे असं धरू. प्लेक्ट्रमने (नखीने) खाली मारता तेव्हा आधी वरची तार लागते. बोटांनी वाजवता तेव्हा बोट खालून वर येतं आणि आधी खालची तार लागते. म्हणून प्लेक्ट्रमवाल्यांना जास्त झणझणाट हवा असेल तर बारीक तार वर ठेवतात, खालच्या सुराला वजन हवं असेल तर जाड वर. जागा अदलाबदल करायची तर नट नवाच लागतो, आणि सॅडलच्या खाचाही (प्रश्न 8 आणि 9).

18. सुरात लावायचा सोपा मार्ग?

आधी चारही जाड तारा लावा. त्या वेळी बारीक तारांवर बोट ठेवून त्यांना गप्प करा, नाहीतर ट्यूनर गोंधळतो. मग बारीक तारा एकेक करून ट्यूनरवर लावा आणि शेवटी जोडी एकत्र वाजवून कानाने जुळवा. आवाज लाटेसारखा हलत असेल तर तो थांबेपर्यंत बारीक तार सरकवा. सूर उतरवायचा असेल तर आधी गरजेपेक्षा खाली जा आणि वर येत सूर पकडा. डावा हात हलका ठेवा, जोरात दाबलं की बारीक तार आधी चढते.

19. डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाडणारा इफेक्ट) लावलं की सगळं चिखल होतं.

दोन तारा किंचितही बेसूर असल्या की डिस्टॉर्शन त्यांच्यातला फरक मोठा करून दाखवतं. आधी प्रश्न 9 मधलं काम पुरं करा. त्यानंतर सिग्नल दोन भागांत वाटा: खालचा भाग स्वच्छ, बेस अँपकडे, आणि साधारण 200 हर्ट्झच्या वरचा भाग डिस्टॉर्शनमधून दुसऱ्या अँपकडे. खालचा सूर शाबूत राहतो आणि वरचा मनसोक्त गुरगुरतो.

20. माझ्या बेसला जोड्या नाहीत, आठ वेगळे सूर आहेत. हे सगळं लागू होतं का?

नट, फ्रेट, ट्रस रॉड, शिल्डिंग, बॅटरी यांच्यापुरतं लागू होतं. प्रश्न 4, 5, 9, 17 आणि 18 सोडून द्या. तुमच्या बेसचा नेक रुंद असतो आणि सगळ्यात खालची तार फार जाड. तिचं मुख्य दुखणं ताण कमी पडणं हे असतं, जोडीच्या बेसच्या बरोबर उलट. स्केल 35 इंच किंवा जास्त नसेल तर ती तार सैल फडफडेल. कितीही खर्च केला तरी स्केल बदलत नाही, तेव्हा ते घेतानाच बघायला हवं.

21. ट्रस रॉडचा नट आवळून संपला, तरी नेक वाकलेलाच. आता?

जोर लावू नका. रॉड तुटला तर नेकच गेला. सगळ्या तारा सैल करा, नट पूर्ण उघडा, आटे पुसून त्यावर थोडं ग्रीस लावा आणि आट्यांच्या मुळाशी एक-दोन पातळ वॉशर घाला. नटला आणखी आवळायला जागा मिळते. पुष्कळ नेक एवढ्यानेच सुटतात. तरी उरला तर हलक्या तारा लावा आणि एक सूर खाली लावा, आकडे प्रश्न 4 मध्ये आहेत.

त्यानंतरही वाकलेलाच राहिला तर चार बारीक तारा काढून ठेवा आणि तो चार तारांचा बेस म्हणून वाजवा. निम्मा ताण गेल्यावर तोच नेक दोन दिवसांत सरळ आलेला मी पाहिला आहे. तसा आला की ट्रस रॉड थोडा सैल करायला विसरू नका, नाहीतर नेक मागे वाकेल.